कवटी नसलेल्यांचा गट

पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी मी फळ्यावर ‘ॲक्रेनिया’ हा शब्द लिहीत आलो आणि त्याखाली रेघ मारत आलो. नाशिकच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. लग्न केलं नाही, त्यामुळे चिडचिड करायला हक्काची जागा म्हणजे वर्ग. नव्या पुस्तकांनी हा शब्द जवळजवळ टाकून दिला आहे. त्याच्या जागी एक लांबलचक नाव आलं आहे आणि मुलं ते पाठ करून मोकळी होतात. मला जुना शब्दच आवडतो, कारण तो सरळ आहे. ग्रीकमधला कवटीचा शब्द आणि त्याच्यापुढे एक ‘अ’, आपल्या ‘अबोल’मधल्यासारखाच, नाही म्हणणारा. ज्यांना कवटी नाही, ते. मराठी परिभाषेत करोटी वगैरे भारदस्त शब्द आहेत, पण पेठ-सुरगाण्याकडून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं समोर बसलेली असताना मी त्या फंदात पडत नाही. ‘कवटी नसलेले’ म्हणतो आणि पुढे जातो. यंदा मात्र तो तास मी सहकाऱ्याच्या गळ्यात घातला.

हा शब्द वापरायचा कुणासाठी, यावर जुन्या पुस्तकांतही भांडण आहे. कुणी त्यात पाठीचा कणा नसलेले, पण कण्याच्या जागी निदान काही काळ एक लवचीक दांडा बाळगणारे सगळेच प्राणी कोंबतो. कुणी तो फक्त ॲम्फिऑक्ससच्या कुळापुरता राखून ठेवतो. मी या दुसऱ्या मताचा. ॲम्फिऑक्सस म्हणजे उथळ समुद्राच्या वाळूत अर्धवट पुरून घेऊन राहणारा, बोटाएवढा, जवळजवळ आरपार दिसणारा प्राणी. दोन्ही टोकांना निमुळता. तोंड पाण्यात उघडं ठेवायचं आणि येईल ते गाळून खायचं, एवढाच त्याचा संसार. मेंदू म्हणावा असा मेंदू नाही, म्हणून तो ठेवायला डबा नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्याची एक जुनी बरणी आहे. परीक्षेत नमुने ओळखायला ठेवले की मुलं आतल्या प्राण्याकडे बघतच नाहीत, झाकणाचा तडा बघतात आणि बिनधास्त नाव लिहितात. मी एकदा झाकणं बदलून ठेवली होती. त्या वर्षी अर्ध्या वर्गाने ॲम्फिऑक्ससला गांडूळ करून टाकलं.

एका चुकीला मी कधीच माफ केलं नाही. उत्तरपत्रिकेत कुणी ना कुणी लिहितंच, ‘ज्यांची कवटी गेलेली असते असे प्राणी’. तिथे मी पूर्ण मार्क कापतो. अरे, गेलेली नाही. गेलेली म्हणजे आधी होती. यांना ती कधी नव्हतीच. ज्याला नव्हतीच त्याचं काही अडत नाही, तो कोट्यवधी वर्षं वाळूत मजेत राहिलेला आहे. नसणं वेगळं आणि जाणं वेगळं, हे मी एवढ्या जोरात सांगायचो की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे.

माझ्या धाकट्या भावाला ही सगळी गंमत वाटायची. तो सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता, टर्नर. आम्ही सगळे एकाच घरात, कारखान्यांच्या मागच्या वसाहतीत राहायचो: आई, मी, तो आणि त्याची बायको. त्यांना मूल नव्हतं. तो मला दादा म्हणायचा ते फक्त चारचौघांत. घरात मी ‘मास्तर’. “मास्तर, आज कोण मेलं तुमच्या बरणीत?” असं विचारत तो डबा उचलून शिफ्टला जायचा. लोखंडाचा केसाएवढा थर सोलून काढणारा हा माणूस स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत मात्र पक्का गाढव होता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं.

त्याला रक्तदाब होता. डॉक्टरने रोजची गोळी दिली होती. ती त्याने काही दिवस घेतली, डोकं दुखायचं थांबलं आणि त्याने गोळीही थांबवली. ताप उतरला की तापाची गोळी बंद करतो तशी. त्याच्या खात्यातल्या निम्म्या लोकांचा हाच हिशेब होता. मी ओरडलो. तर म्हणाला, “दुखत नाय तर कशाला खायची? अंगाला सवय लागंल ना तिची.” मी त्याला मूर्ख म्हटलं, त्याने मला मास्तर म्हटलं, आणि विषय संपला.

गणपती उठले त्यानंतरच्या आठवड्यात, दुसऱ्या शिफ्टला, जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी तो मशीनजवळ खाली बसला. डावा हात झोपलाय म्हणाला. शेजारच्या लेथवर त्याचा जोडीदार होता, जुन्या नाशकातला मुसलमान, त्याच्याच वयाचा. त्याने आधी मशीन बंद केलं, मग कंपनीच्या टेम्पोत घालून भावाला दवाखान्यात पोचवलं आणि मला फोन केला. मी गेलो तोवर तपासण्या झाल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता, पण त्याने नीट सांगितलं. मेंदूला सूज आली आहे, आणि कवटी बंद आहे, त्यामुळे सुजेला जायला जागा नाही. उजव्या बाजूचा कवटीचा मोठा तुकडा काढायचा, म्हणजे मेंदू दबणार नाही. सूज उतरली की काही आठवड्यांनी तोच तुकडा परत बसवायचा. “तोवर हाड कुठे ठेवणार?” मी विचारलं. “त्यांच्याच पोटात,” तो म्हणाला. “पोटाच्या कातडीखाली. स्वतःच्या शरीरात चांगलं राहतं.” आयुष्यभर मी मुलांना हाडं दाखवली, पण हे मला माहीत नव्हतं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्याला पांढरं बँडेज होतं आणि त्यावर सिस्टरने निळ्या मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हाड नाही’. कुशीवर वळवताना कुणी चुकून त्या बाजूला धरू नये, म्हणून. मी काचेतून ते दोन शब्द वाचले आणि मला फळा आठवला. मला स्वतःचाच राग आला. भाऊ नळ्यांत पडलाय आणि हा माणूस वर्गातले शब्द आठवतोय.

तो वाचला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, बोलणं थोडं जाड झालं, पण बोलत होता. घरी आणलं तेव्हा बँडेज निघालं होतं. सूज उतरल्यावर उजवीकडची कातडी आत गेली होती, आणि तिच्याखाली ठोका दिसायचा. तो खोकला की ती जागा वर यायची. त्याची बायको पहिल्या दिवशी ते बघून मोरीत जाऊन रडली. आई रडली नाही. ती खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसली, बराच वेळ त्या ठोक्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “टाळू हाय ही.”

तान्ह्या बाळाची टाळू अशीच उडते. हाडं जुळलेली नसतात, म्हणून घरातली म्हातारी रोज तिथे तेल घालते. त्याला टाळू भरणं म्हणतात. “तुमा दोघांच्या मीच भरल्यात,” आई म्हणाली. “ही बी भरंल.” मी तिला समजावलं, आई, तिथं तेल लावायचं नाही, डॉक्टरनी बजावलंय. तिने ऐकलं. पण रोज सकाळी खोबरेल तेलाची वाटी कोमट करून आणायची, बोट बुडवायची आणि चांगल्या, डाव्या बाजूला लावायची. “हिकडून तिकडं मुरंल,” म्हणायची. हाडातून तेल मुरत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं.

उठताबसताना त्याला जपावं लागायचं. पलंगापासून मोरीपर्यंत चालायचं म्हटलं तरी मधे दाराची चौकट, कपाटाचा कोपरा, नळ. एरवी घर आपल्याला मऊ वाटतं. त्या दिवसांत मला त्यात फक्त टोकं दिसायची. त्याचा जोडीदार एका रविवारी आला आणि पिशवीतून कारखान्यातली पिवळी टोपी काढली. खात्यात घालतात ती, कडक. आतल्या उजव्या बाजूला त्याच्या बायकोने जुन्या गोधडीचा कापूस भरून शिवला होता, दाब पडू नये असा. “सर, डॉक्टरला दाखवून घ्या आधी,” तो म्हणाला. डॉक्टरने दाबून पाहिली आणि चालेल म्हणाला. मग भाऊ टोपी घालून मोरीत जायला लागला, एक हात बायकोच्या खांद्यावर. दारात पोचला की म्हणायचा, “चला, शिफ्ट सुरू.”

बघायला येणाऱ्यांचा मला अतोनात वैताग आला. माणसं आजाऱ्याला नाही, खड्ड्याला बघायला यायची. एक लांबचे नातलग तर बोट पुढे करून म्हणाले, हात लावला तर कळतं का रे त्याला? मी त्यांना चहा मिळायच्या आत दार दाखवलं. भाऊ आतून हसत होता. म्हणाला, “तिकीट लाव मास्तर.”

त्याच सुमारास मी घरी बसून पेपर तपासत होतो, आणि तो पलंगावरून बघत होता. मी चिडून एकावर काट मारली. त्याने विचारलं काय झालं. मी सांगितलं, नेहमीचंच, कवटी गेलेले प्राणी.

“मग घाल की मला त्याच्यात,” तो म्हणाला. “काय तो तुझा गट?”

“ॲक्रेनिया.”

“हां. मला बी बरणीत ठेव. झाकण चांगलं लाव फक्त.”

त्याला गंमत करायची होती. मला मात्र ते सहन झालं नाही. मी एकदम ओरडलोच, की तू त्यात बसत नाहीस. ते ज्यांना मुळातच नसते त्यांच्यासाठी आहे. त्यांच्याजवळ सांभाळायला काही नसतं, म्हणून त्यांचं चालतं. तुझं चालणार नाही. आई आतून आली, काय झालं बघायला. तो मात्र शांत होता. अर्ध्या तोंडाने हसत म्हणाला, “मग मी कुठं बसतो?”

“कवटी असलेल्यांत. तुझी आहे. जागेवर नाही इतकंच.”

त्याने चालता हात पोटावर ठेवला. तिथे कातडीखाली एक वाकडा उंचवटा होता, हाताला लागायचा. “हितं हाय,” तो म्हणाला. मग आल्यागेल्याला तेच ऐकवायचा, की माझं डोकं पोटात हाय, भूक लागली की विचार करतो. आई मात्र त्याला पालथं झोपू द्यायची नाही. झोपला की तिचा हात त्या हाडावर असायचा.

डॉक्टर म्हणाला होता, दिवाळी होऊ द्या, मग हाड बसवू. आमच्या घराचं कॅलेंडर तेवढंच उरलं. दिवाळीत आईने खिडक्या लावल्या, फटाक्यांनी दचकू नये म्हणून त्याच्या कानात कापूस घातला. वहिनीने चकल्या केल्या, त्याला आवडतात म्हणून. पाडव्याला तो पिवळी टोपी घालून, काठी टेकत, पहिल्यांदा बाहेरच्या दारापर्यंत गेला आणि पणत्या बघून आला. मला वाटलं, झालं, सुटलो. इतका आनंद मला माझ्या कुठल्या पगारवाढीचाही झाला नव्हता.

भाऊबीज झाली आणि त्याला ताप आला. आधी साधा वाटला. मग जखमेच्या कडेने पाणी यायला लागलं. परत दाखल केलं. डॉक्टर म्हणाला, जंतू आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत, आता हाड बसवता येणार नाही, आधी हे आटोक्यात आणू. त्याला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. थट्टा नव्हती तोंडावर.

“दादा,” तो म्हणाला. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी दादा म्हणाला. “ते पोटात तसंच ऱ्हाऊ देऊ नको. जागेवर बसव.”

मी हो म्हटलं. त्यानंतर तो तापातच होता, ओळखीचं बोलला नाही. थंडी सुरू झाली होती त्यातल्या एका सकाळी तो गेला. मी डॉक्टरला गाठून विचारलं, हाडाचं काय? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सर, आता त्याचा काही उपयोग नाही.” बरोबरच होतं त्याचं. मला त्याला मारावंसं वाटलं.

अग्नी मी दिला. अमरधामात लाकडं चांगली पेटली, आणि मग सगळे पुरुष नेहमीप्रमाणे बाजूला उभे राहिले. कवटी फुटल्याचा आवाज झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी जागा सोडत नाही. आवाज झाला म्हणजे जीव मोकळा झाला, मग हातपाय धुऊन घरी. त्याचा जोडीदार माझ्याजवळ उभा होता, टोपी हातात घेऊन. ती पिवळी टोपी त्याने आमच्या घरून का आणली होती, मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, “सर, सगळं झालं ना? लोक कशासाठी थांबलेत?”

मी त्याला सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं की आवाज होणार नाही. बंद डब्यात वाफ कोंडते म्हणून तो फुटतो. हा डबा उघडा होता. एवढ्या माणसांत हे फक्त मला कळत होतं आणि मला ते कुणालाही सांगता येत नव्हतं. आमचे एक चुलते कानामागे हात धरून उभे होते. लाकडं कडकडली की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या आणि परत खाली जायच्या. दिवस कलला, गार वारा सुटला, लोक पाय बदलायला लागले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, जा, घरी जा सगळे, याचं तसं नाही. शेवटी चुलतेच म्हणाले, “झाला असंल. लाकडांच्या आवाजात कळला नसंल.” आणि नळाकडे वळले. बाकीचेही वळले, पण तोंडं उतरलेली होती.

घरी पायावर पाणी घेतलं, कडुलिंबाचं पान चावलं. आई भिंतीला टेकून बसली होती, वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन. बायका अमरधामात येत नाहीत; त्या विचारतात.

“आवाज झाला?” आईने विचारलं.

चुलते पुढे होऊन काही बोलणार होते. मी म्हटलं, “नाही आई.”

खोलीत कुणीतरी ‘देवा’ म्हणालं. आई मला अजिबात दचकलेली दिसली नाही.

“कसा व्हईल?” ती म्हणाली. “टाळू उघडीच होती लेकराची.”

मग ती वहिनीच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि रडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला मी, चुलते आणि एकदोन शेजारी गेलो. दूध-पाणी शिंपडलं. राखेत अजून माणूस झोपल्याचा आकार होता, इकडे पाय, तिकडे डोकं. मी पायांकडून वेचत वर आलो, आणि कमरेच्या जागी, मांडीच्या आणि पाठीच्या हाडांमधे, मला तो तुकडा सापडला. नारळाच्या करवंटीसारखा वाकलेला. आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या बारीक खाचा, मी मुलांना कवटीत दाखवतो तशाच. कडा मात्र निसर्गाच्या नव्हत्या. करवतीच्या होत्या, सरळ. पोटाच्या जागी कवटी. मी तो हातावर घेऊन किती वेळ बसलो, माहीत नाही.

“टाक गाडग्यात,” चुलते म्हणाले. “ऊन व्हायच्या आत रामकुंडावर जायचंय.”

“थांबा,” मी म्हटलं.

मी तो घेऊन डोक्याकडे गेलो. तिथे कवटी उरलीच नव्हती, आगीत तिच्या खपल्या झाल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. मी त्या एकत्र सारल्या, उजवीकडे राख हाताने बाजूला केली आणि तुकडा तिथे ठेवला, वाक आतल्या बाजूला घेऊन. वरून तळहात दाबून धरला. मग सगळं गाडग्यात भरलं. लांबलांबची माणसं आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आली होती, गर्दी होती. आम्ही आमचा नंबर लावला आणि पाण्यात सोडून आलो.

घरी आलो तेव्हा आई पलंगाजवळ बसली होती. तेलाची वाटी तिथेच होती, तेल गोठलेलं.

“पोटातलं घावलं?” तिने विचारलं.

“घावलं.”

“मग?”

“जागेवर ठेवलं. डोक्याशी.”

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. धुतले होते, तरी नखांत राख राहिली होती.

“नीट बसलं का?”

त्याला बसायला तिथे काही शिल्लक नव्हतं. उभ्या आयुष्यात मी चुकीचं उत्तर बरोबर धरलेलं नाही.

“बसलं,” मी म्हटलं. “अगदी नीट बसलं.”